मुक्कामाचा हक्क

आमच्या आष्ट्यास समुद्र नाहीं. कृष्णाकांठच्या काळ्या जमिनीचा, ऊंसाचा आणि हळदीचा हा मुलूख. येथें पाणी पाहावयाचें तें नदीचें, विहिरीचें किंवा पाटाचें, आणि कृष्णा रागावली म्हणजे शिवारांत शिरलेलें. २००५, २०१९ व २०२१ सालच्या महापुरांनीं पाण्याचें विराट रूपही या बाजूच्या लोकांस पुरतें दाखविलें आहे. तरीही समुद्राचें नांव निघालें कीं घाटावरच्या माणसाचें मन लहान मुलासारखें होतें, आणि त्यास आम्ही उभयतां अपवाद नाहीं.

नोकरींतून निवृत्त झाल्यावर माणसाच्या हातीं एकाएकीं पुष्कळ वेळ येतो. त्या वेळाचें काय करावयाचें हें मात्र कोणीं शिकविलेलें नसतें. आम्हीं छत्तीस वर्षें शाळेंत मराठी व संस्कृत शिकविलें. आमच्या गृहिणीनें जवळजवळ तितकींच वर्षें घर, वडील माणसें, मुलें आणि आमचा स्वभाव सांभाळला. दोघांनाही समुद्र पाहावयाचा होता, पण धांवतपळत नव्हे. पूर्वीं मुलांबरोबर केलेले प्रवास आठवले कीं घड्याळ, सामान आणि हॉटेलांतलें न्हाणीघर याखेरीज फारसें कांहीं डोळ्यांपुढें येत नसे. तेव्हां मुंबईस असलेल्या मुलानें माघ महिन्यांत ‘चाकांवरचें घर’ भाड्यानें घेण्याचें सुचविलें त्या वेळीं आम्हीं आढेवेढे घेतले नाहींत. राज्य सरकारनें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनासाठीं वेगळें धोरण जाहीर केलें. तेव्हांपासून हा प्रकार आपल्याकडेही अधूनमधून दिसूं लागला आहे. गाडींत दोघांचा बिछाना, एक शेगडी, पाण्याची टांकी, लहानसें शौचकूप, खिडकीस पडदे. आणि बरोबर चालक.

निघण्यापूर्वीं आमच्या मनांत प्रवासाविषयीं एक सिद्धांतही तयार झाला होता, आणि तो आम्ही येणाऱ्याजाणाऱ्यास ऐकवीत होतों. प्रवाशाचें ओझें कोणावर पडूं नये. नातलगाकडे उतरावें तर त्याची तारांबळ. हॉटेलांत उतरावें तर पैसे देऊन पुन्हा इतरांच्या सोयीनें उठाबसावें. धर्मशाळांचे दिवस गेले. जो आपलें घर, आपलें पाणी आणि आपली शिधासामग्री बरोबर नेतो, तो कोणाचें कांहीं लागत नाहीं. तो येतो, पाहतो, निघून जातो. मागें गवताची काडी मोडलेली नसते. असा प्रवासी हाच खरा निरुपद्रवी प्रवासी, असें आमचें म्हणणें होतें. त्या सिद्धांताचें पुढें काय झालें तें वाचकांस सांगावें म्हणून हा लेख.

आष्ट्याहून मालवण ही मोटारीनें पांच-सहा तासांची वाट. आम्हीं ती चार दिवसांत चालावयाचें ठरविलें होतें : कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट उतरून कणकवली, आणि तेथून समुद्र. हंगाम गळिताचा होता. गांवाची शीव ओलांडतों न ओलांडतों तोंच पुढें दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर लागला. ऊंस इतका उंच रचलेला कीं मागून पाहणाऱ्यास एखादें घरच डुलत चालल्याचा भास व्हावा. रस्ता अरुंद, पुढें जातां येईना. चालक हॉर्न वाजवूं लागला, आणि पांच मिनिटांच्या आंत आमच्याही तोंडून ‘किती वेळ हा!’ असे उद्गार निघाले. गृहिणी हंसून म्हणाली, “अहो, आपल्याला घाई नाहीं ना?”

थोडें पुढें गेल्यावर एका वळणावर दुसरी ट्रॉली उभी होती. तिच्यांत ऊंस नव्हता, संसार होता. बांबू, ताडपत्री, पत्र्याची पेटी, हंडे, सरपण, एक शेळी, आणि सर्वांच्या वर बसलेली पांच-सहा वर्षांची एक मुलगी. एका गांवचा फड संपवून टोळी दुसऱ्या गांवच्या फडाकडे निघाली होती. मुलीनें आमच्या गाडीच्या पडद्यांकडे पाहिलें. आम्हीं तिच्या पेटीकडे पाहिलें.

जे वाचक शहरांत राहतात त्यांच्यासाठीं येथें दोन शब्द अधिक लिहिणें अवश्य आहे. बीड, अहिल्यानगर, सोलापूर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून, आणि आमच्याच जिल्ह्यांतल्या जत तालुक्यांतूनही, दसरा-दिवाळीच्या सुमारास हीं माणसें निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत ऊंसाच्या मुलुखांत कोप्या घालून राहतात. मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते. ती अंगावर असते म्हणून निघणें भाग पडतें. एक तोडतो, दुसरी मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरण्याचें काम दोघांचें. या नवराबायकोच्या जोडीला हिशेबांत एकच नांव आहे : ‘कोयता’. दोन माणसें मिळून एक कोयता. एकटें माणूस आलें तर तो अर्धा कोयता. दंपती या शब्दांतला ‘दम्’ म्हणजे घर, घराचे दोन धनी ते दंपती, असें आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां सांगितलें असेल. अर्धा कोयता हा शब्द मात्र आमच्या कोणत्याही धड्यांत आला नाहीं. अंग दुखतें म्हणून एक दिवस बसून राहिलें तर त्यास ‘खाडा’ म्हणतात, आणि त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंडही बसतो. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतल्या ऊंसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळांत गाजला आणि सरकारनें चौकशीसाठीं समिती नेमली; त्या वेळीं या खाड्याची गोष्टही शहरांतल्या वर्तमानपत्रांपर्यंत पोंचली.

हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. आष्ट्यांत राहून तें ठाऊक नसणें शक्य नाहीं. तरीही त्या वळणावर आपण दोघें जोडप्यानें निघालेले आहों, आपल्याही मागें चाकांवर घर आहे, हा विचार मनास शिवला नाहीं. खरें सांगावयाचें तर आम्हीं पडदा ओढून घेतला. ऊन येत होतें ही गोष्ट खरी आहे.

पुढचे तीन दिवस सुखाचे गेले, आणि सुखाविषयीं लिहिण्यासारखें थोडेंच असतें. भोगावतीवर शाहू महाराजांनीं बांधावयास घेतलेल्या धरणाचें पाणी पाहत राधानगरीस एक संध्याकाळ काढली. दाजीपूरच्या रानाच्या अलीकडे एक रात्र पडलों. गवा कांहीं दिसला नाहीं. फोंडा घाट उतरतांना हवा एका वळणागणिक दाट आणि दमट होत जाते. याच वाटांनीं पूर्वीं बैलांचे तांडे खालींवर करीत. घाटावरचें धान्य नि गूळ खालीं जाई, कोंकणचें मीठ, नारळ व सुकी मासळी वर येई. बैल, बायका, पोरें, सर्व संसार त्या तांड्याबरोबर चाले. आम्ही तें गृहिणीस सांगत होतों, आणि तिचें लक्ष चालकाकडे होतें. हा कोठें निजतो, असें तिनें विचारलें. पहिल्या दोन रात्रीं तो पुढच्या बैठकीवर पाय दुमडून निजला होता. दोघांच्या घरांत तिसऱ्याची सोय नसते, हें आम्हीं भाडें ठरवितांना लक्षांत घेतलें नव्हतें. मग दाजीपूरपासून पुढें त्याच्यासाठीं एक लहानसा तंबू विकत घ्यावयाचा असें ठरलें. तो कणकवलीस मिळाला.

चौथ्या दिवशीं संध्याकाळीं समुद्र दिसला. मालवणच्या दक्षिणेकडील एका गांवीं, ज्याचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं, सुरूच्या झाडांखालीं गाडी लावली. पुढें वाळू, वाळूपुढें पाणी, आणि सूर्य बुडावयास अर्धा तास अवकाश. खुर्च्या बाहेर मांडल्या, चहा ठेवला. आयुष्यांत इतका निर्भेळ आनंद फार थोड्या वेळां झाला असेल. आपण येथें आहों आणि कोणास त्याचा जाच नाहीं, असें वाटून जो आनंद होतो तो हा.

दिवेलागणीस चार गांवकरी आले. बोलणें अत्यंत अदबीचें. आमचें गांव विचारलें, मुलें काय करतात तें विचारलें, आणि मग गाडी येथें ठेवूं नये असें सांगितलें. जवळच गोड्या पाण्याची विहीर आहे आणि अशा गाड्यांचें सांडपाणी वाळूंत मुरतें. पहांटे रापण ओढावयाची असते, तिची वाट हीच. बायामाणसांचें येणेंजाणें या बाजूनें, त्यांना संकोच होतो. आणि एक गाडी राहिली कीं दुसऱ्या दिवशीं चार येतात. त्यांतले वयस्क गृहस्थ शेवटीं म्हणाले, “तुम्ही भली माणसें आहांत, पण गांवाला उपद्रव होतो.”

तो शब्द आमच्या ओळखीचा होता. तो आमचाच होता.

आदल्या वर्षीं मार्गशीर्षांत आमच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेंत एका टोळीनें दहा-बारा कोप्या घातल्या होत्या. जागेचे मालक पुण्यास असतात. पहांटे तीनला भाकऱ्या थापल्याचा आवाज, चुलींचा धूर, ट्रॅक्टरवरचीं गाणीं, हंडा घेऊन दारांत उभीं राहणारीं पोरें. आणि उघड्यावर बसण्याचा प्रश्न, जो काल्पनिक मुळींच नव्हता. आळींतल्या मंडळींनीं अर्ज करावयाचें ठरविलें. आमचें मराठी चांगलें म्हणून मसुदा आमच्याकडे आला, आणि आम्हीं तो मन लावून लिहिला. ‘सार्वजनिक आरोग्यास उपद्रव’, ‘स्त्रीवर्गास संकोच’, ‘आज दहा तर उद्यां पन्नास’ हीं वाक्यें आमचीं. एक उपमाही घातली होती. ती आतां लिहवत नाहीं. चोवीस सह्या झाल्या. आमच्या घरांतून एकच गेली. गृहिणीनें कणकेनें भरलेले हात दाखविले आणि ‘मग करतें’ म्हणाली. तें ‘मग’ पुढें आलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं कोप्या उठल्या आणि ओढ्यापलीकडे शिवाराच्या टोंकास गेल्या. तेथें पाणी नव्हतें. तेंही आम्हांस ठाऊक होतें.

आम्हांला उठविणाऱ्यांनीं मात्र आम्हांला वाऱ्यावर सोडलें नाहीं. गाडी रात्रीपुरती कोठें न्यावी याचा घोर त्यांनींच घेतला, आणि त्या वयस्क गृहस्थांनीं आपल्या घराच्या खळ्यांत, म्हणजे अंगणांत, जागा दिली. आम्ही तेथें गेलों. त्या रात्रीं लाटांचा आवाज ऐकूं येत होता आणि झोंप येत नव्हती.

मनुष्य आपल्या अपराधापासून दूर जाऊं लागला कीं इतिहासाचा आधार घेतो. आम्हींही तेंच केलें. चाकांवरचें घर हें हौसेसाठीं बांधवून घेणारा पहिला प्रसिद्ध गृहस्थ म्हणजे डॉ. गॉर्डन स्टेबल्स, ब्रिटिश आरमारांतला निवृत्त शस्त्रवैद्य. १८८५ सालीं त्यानें ब्रिस्टलच्या कारखान्यांतून ‘वाँडरर’ नांवाची लांकडी घोडागाडी करवून घेतली आणि तींतून इंग्लंडांतील ट्वायफर्डपासून स्कॉटलंडांतील इनव्हर्नेसपर्यंत रमतगमत प्रवास केला. गाडीच्या पुढें तीनचाकी सायकलीवर बसून त्याचा नोकर वाट पाहून येई. ही कल्पना त्यास सुचली ती जिप्सी लोकांच्या गाड्या पाहून. आणि गंमत अशी कीं त्याच दशकांत कोलव्हिलचा जॉर्ज स्मिथ नांवाचा सुधारक, चाकांवर राहणाऱ्या त्याच जिप्सींच्या गाड्यांची नोंद व तपासणी व्हावी म्हणून पार्लमेंटांत विधेयक आणण्यासाठीं खटपट करीत होता. एकाच रस्त्यावरून एकाच प्रकारच्या दोन गाड्या चालल्या आहेत. एका गाडींतला मनुष्य पुस्तक लिहितो, दुसऱ्या गाडींतल्या मनुष्याविषयीं कायदा लिहिला जातो.

आपल्याकडे तो कायदा अगोदरच झालेला होता. १८७१ सालीं ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा आला, पुढें तो मुंबई इलाख्यासही लागू झाला, आणि हिंडून पोट भरणाऱ्या कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. सोलापुरास त्यांच्यासाठीं तारेच्या कुंपणाची वसाहत होती. हजेरी दिल्यावांचून गांव सोडतां येत नसे, आणि गांवांत आल्यावर पाटलास वर्दी द्यावी लागे. १९५२ सालीं हा कायदा देशभर रद्द झाला. परंतु लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ प्रसिद्ध झालें तें १९८० सालीं, आणि पाठीवर बिऱ्हाड घेऊन गांवोगांव हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबास मुक्कामाला जागा कशी मिळते, किंवा मिळत नाहीं, हें तें पुस्तक वाचणारास पुन्हा सांगावयास नको. आम्हीं तें वाचलें होतें. त्यांतील एक उतारा वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविल्याचेंही स्मरतें. वाचन आणि अर्ज हीं दोन्ही आमच्याच हातून झालीं. एकानें दुसऱ्यास अडविलें नाहीं. साहित्यानें मन सुसंस्कृत होतें असें म्हणणाऱ्यांत आम्ही अग्रेसर होतों, म्हणून ही गोष्ट नोंदवून ठेवितों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या घरांतल्या म्हाताऱ्या आजीबाई गाडीपाशीं आल्या. हातांत घावणें आणि नारळाचा रस. आमच्या शेगडीवर पोहे तयार होते. तेव्हां ‘कशाला त्रास? आमचें सगळें आहे,’ असें आम्ही संवयीनें म्हणालों. पाणी पाहिजे का, असें त्यांनीं विचारलें; टांकी भरलेली होती. न्हाण्यास ऊन पाणी? तीही सोय होती. आजीबाई क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या आणि आपल्या बोलींत म्हणाल्या, “काय पण नको, मगे इलात कित्याक?”

गृहिणीनें खालीं उतरून दोन्ही हातांनीं ती थाळी घेतली. पोहे चालकानें व आम्हीं दुपारीं संपविले.

आमच्या सिद्धांतास कोणीं इतकें थोडक्यांत उत्तर देईल असें आम्हांस वाटलें नव्हतें. आम्ही ज्यास निरुपद्रवीपणा म्हणत होतों तो त्या बाईंस तुसडेपणा वाटला, आणि विचार करूं लागल्यावर तो तसा होताही. स्मृतिकारांनीं एक रात्र राहतो तो अतिथि अशी व्याख्या केली आहे. पण अतिथि होण्यास एक रात्र पुरत नाहीं. कांहीं तरी मागावें लागतें. परिव्राजकास आपल्या परंपरेनें घर सोडून हिंडण्याची मोकळीक दिली, त्याबरोबर भिक्षेची झोळीही दिली. रोज कोणाच्या तरी दारांत उभें राहिल्यावांचून त्याचें हिंडणें चालूं नये, अशी ती योजना होती. त्याचें देणें त्याच्या खांद्यावर सर्वांस दिसे. ऊंसतोड करणाऱ्या जोडप्याचें देणें तर घरून निघण्यापूर्वींच वहींत मांडलेलें असतें. तीं दोघें कर्ज घेऊन निघतात, आणि पुष्कळदां कर्ज घेऊनच परततात. आम्हांस मात्र भिक्षा न मागतां संन्याशाची मोकळीक आणि उचल न घेतां तांड्याची चाल हवी होती. पैसे भरून पावती घेतली म्हणजे देणें संपलें, अशी आमची समजूत. पण समुद्राकडे तोंड करून आम्हीं जी जागा घेतली होती तिची पावती कोणापाशींच नव्हती. विहिरीचें गोडें पाणी, रापणीची वाट, पहांटे बायकांना मोकळेपणानें जातां येण्याइतका आडोसा, या सर्वांतून आम्ही आपला आनंद काढून घेत होतों, आणि कोणास कांहींच लागत नाहीं असें समजत होतों.

येथें कोणी म्हणेल, मग सावकाश प्रवास करणेंच चुकीचें कीं काय? तसें आमचें मत नाहीं. आयुष्यभर घंटेच्या तालावर उठलेल्या दोन माणसांनीं उतारवयांत चार दिवस झाडाखालीं बसावें यांत पाप नाहीं, आणि कोणी गरीब आहे म्हणून आपण धांवत सुटावें, यानें त्याचें भलें होत नाहीं. दोष विसाव्यांत नव्हता. आपल्याला विसावा हक्कानें मिळतो आणि दुसऱ्याला मिळाला तर तो उपद्रव, हा दुटप्पीपणा आम्हीं सुबक मराठींत लिहून, सही करून दिला होता; तो आम्हांस सलत होता.

परततांना वेंगुर्ल्यावरून शिरोड्यास गेलों. सांगलींत १८९८ सालीं जन्मलेले वि. स. खांडेकर १९२० सालीं या गांवच्या शाळेंत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत येथें राहिले. आमच्याच बाजूचा मनुष्य, समुद्राकांठीं आलेला. पण तो पाहावयास आला नव्हता. अठरा वर्षें गांवचीं पोरें शिकवावयाचीं, गांवच्या विहिरीचें पाणी प्यावयाचें, १९३० सालीं याच गांवच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला तो काळ गांवाबरोबर काढावयाचा, म्हणजे मग कोणी ‘कशाला आलांत?’ असें विचारीत नाहीं. त्या गांवीं आम्ही दोन तास होतों. शाळा बाहेरून पाहिली. आम्हींही शिक्षकच होतों, पण छत्तीस वर्षें आपल्याच गांवांत राहून, घराशेजारच्या कोप्यांतलें एकही पोर आमच्या वर्गांत कधीं बसलें नाहीं, हें तेथें उभें असतां लक्षांत आलें. तीं पोरें दिवाळीनंतर येतात आणि परीक्षेपूर्वीं जातात. हजेरीपटांत त्यांस जागा नसते. याला उपाय म्हणून साखरशाळांचा प्रयोग महाराष्ट्रांत झालेला आहे. त्यांतल्या एखाद्या शाळेची चौकशी करावी असेंही आमच्या मनांत कधीं आलें नव्हतें.

घरीं आल्यावर आमच्या एका वकील स्नेह्यांस हें सर्व सांगितलें. ते म्हणाले, “तुम्ही भावनेच्या भरांत दोन गोष्टींची गल्लत करतां. तुम्ही एका रात्रीचे पाहुणे. ते पांच महिने राहतात. तुमच्या गाडींत शौचकूप होतें, त्यांच्यापाशीं नाहीं. आळीची तक्रार खोटी होती का?” तक्रार खोटी नव्हती, हें आम्हांस मान्य आहे. धूर होता, घाण होती, पोरांना जुलाब झाले होते. पण मालवणकडच्या त्या गांवकऱ्यांची तक्रारही खोटी नव्हती, आणि ती सांगून झाल्यावर त्यांनीं जागा दाखविली. आम्हीं ओढ्यापलीकडची बाजू दाखविली. शौचकूप नाहीं हें त्यांना उठविण्याचें कारण आम्हीं मानलें; तें बांधून देण्याचें कारण असूं शकतें, हें चोवीस सुशिक्षितांपैकीं कोणास सुचलें नाहीं, आणि ज्यानें मसुदा लिहिला त्यास तर नाहींच नाहीं. वकीलसाहेब म्हणाले, हा कायद्याचा प्रश्न नव्हे. तो नव्हताच.

यंदा दिवाळीनंतर पुन्हा ट्रॉल्या आल्या आणि त्याच मोकळ्या जागेंत कोप्या उभ्या राहूं लागल्या. टोळी निराळी होती. गेल्या वर्षींच्या माणसांतलें कोणीच नव्हतें, त्यामुळें ज्यांचें मागावयाचें त्यांच्यापाशीं क्षमा मागण्याची सोय राहिली नाहीं. दोन दिवसांनीं शेजारचे गृहस्थ आले. त्यांच्या दारांत दोन म्हशी आहेत, मनुष्य सज्जन आहे, आमच्या अडीअडचणीस धांवून येतो. ते म्हणाले, “मास्तर, मागचाच मसुदा काढा, तारीख तेवढी बदला. फार चांगला झाला होता.” आम्हीं लिहिणार नाहीं असें सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत. पण त्या दिवसापासून संध्याकाळचें त्यांचें येणें बंद झालें. अर्ज दुसऱ्या कोणीं तरी लिहिला. त्यावर किती सह्या झाल्या तें आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं, आणि हा लेख लिहीपर्यंत त्याचा निकालही लागलेला नाहीं.

गृहिणीनें नळ जोडणारास बोलावून कुंपणाच्या भिंतींतून एक नळ बाहेरच्या बाजूस काढून घेतला. तो किती उंचीवर असावा यावर आमचा थोडा वाद झाला. आम्ही म्हणत होतों बादली बसेल इतका. ती म्हणाली हंडा बसला पाहिजे. पुण्याच्या मालकांस आम्हीं फोन केला. पांच महिन्यांपुरतीं दोन तात्पुरतीं शौचकूपें उभीं करण्यास त्यांनीं हरकत घेतली नाहीं, खर्च मात्र आमचा. तो आमच्या निवृत्तिवेतनास जड गेला, आणि पुढच्या माघांत समुद्र नाहीं, हें त्याच वेळीं ठरून गेलें.

पहिल्या संध्याकाळीं एक बाई हंडा घेऊन नळापाशीं आली, पण तिनें नळ सोडला नाहीं. दारांत येऊन विचारूं लागली, “हंड्याला किती?” गृहिणीनें कांहीं नाहीं म्हणून सांगितलें. बाईस तें पटलेलें दिसलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं अंधार पडतां पडतां ती फडावरून आली आणि वाढ्यांची एक हिरवीगार पेंढी आमच्या पायरीशीं ठेवून न बोलतां पाणी भरूं लागली. आमच्या दारांत जनावर नाहीं. ‘आम्हांला नको’ हे शब्द आमच्या ओठांवर आले होते. गृहिणीनें आमच्याकडे पाहिलें, पेंढी उचलली आणि शेजारच्या गोठ्यांत नेऊन दिली. शेजाऱ्यांनीं ती घेतली.